रुप्याची राखण

धातूंमध्ये सोने स्वयंपूर्ण आहे. धनी असो वा नसो, पेटीत पडो वा मातीत पुरले जावो, शंभर वर्षांनी काढले तरी ते जसे ठेवले तसेच हाती येते, आणि म्हणून त्याचा आपल्याला लोभ वाटतो, पण चोराची धास्ती सोडली तर काळजी अशी वाटत नाही. लोखंडाची तऱ्हा याच्या अगदी उलट. ते गंजायचे हे गृहीत धरूनच आपण ते विकत घेतो. या दोहोंच्या मधोमध रुपे उभे आहे. ते घरातल्या हवेत कुजत नाही, झडत नाही, पण त्याच्याकडे चार महिने पाठ फिरवली की ते काळवंडते, आणि तो काळेपणा घरधन्याच्या आधी पाहुण्याच्या नजरेस पडतो. रुप्याची मालकी त्यामुळे नुसती मालकी राहत नाही, ती एक चाकरी होऊन बसते. आणि ही चाकरी आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या ज्या रीतीने बजावली गेली तिच्यात निष्ठा उदंड असली तरी विवेक कितपत होता, हा प्रश्न निदान एकदा तरी विचारून पाहण्यासारखा आहे.

जुन्या मराठी घरात सोने अंगावर आणि रुपे देवघरात, अशी सामान्यतः वाटणी असे. अंगावर रुपे यायचे ते बहुधा कमरेच्या खाली, कारण सोने हे लक्ष्मीचे रूप, ते पायात घालू नये हा संकेत. म्हणून जोडवी, पैंजण, तोरड्या आणि तान्ह्या मुलांचे वाळे रुप्याचे. बाकीचे रुपे म्हणजे निरांजन, पळी-पंचपात्री, गंधाची वाटी, हळदीकुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा, उष्टावणाची वाटी आणि लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेली, कोणतीही दोन एका मापाची नसलेली फुलपात्रे. व्यवस्थित घरांतून या जिनसांची फर्द करून ठेवण्याची वहिवाट होती: जिन्नस, नग, आणि पुढे तोळे-मासे-गुंजांत वजन. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक ज्यांच्या जिभेवर होते त्या वडीलधाऱ्यांना वजनासाठी फार दूर जावे लागत नसे, कारण कंपनी सरकारने १८३५ साली जो रुपया पाडला तो १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. नाणे आणि माप ही दोन्ही कामे तो एकटाच करी. वाटण्यांच्या वेळी ही फर्द दप्तरातून निघे, जिन्नस पारड्यात पडत, आणि फर्दीतला आकडा व पारड्यातला आकडा यांत दोन-चार माशांची तफावत आली की जावा-जावांच्या डोळ्यांत संशय उभा राही. वस्तुतः चोर घरात कोणीच नसे. ती तफावत कोठे गेली हे समजावून घ्यावयाचे तर आधी रुपे काळे का पडते हे पाहिले पाहिजे.

आपण त्या काळेपणाला मळ म्हणतो आणि तेथेच पहिली गफलत होते. मळ बाहेरून येऊन वर बसतो. रुप्याचा काळेपणा रुप्यातूनच निपजतो. स्वच्छ आणि कोरड्या हवेतल्या प्राणवायूचे रुप्यापुढे काही चालत नाही. त्याचा खरा वैरी गंधक. कुजक्या अंड्याला ज्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू हवेत नाकालाही पत्ता लागू नये इतका अल्प असला तरी रुप्याला त्याचा पत्ता लागतो, आणि हवेत दमटपणा असला तर विचारावयासच नको. पृष्ठभागावरचे रुपे गंधकाशी संयोग पावते आणि सिल्व्हर सल्फाइडचा एक पापुद्रा तयार होतो. आरंभी तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो आणि रुप्यावर केवळ पिवळसर झाक दिसते. पुढे तो वाढत जातो तशी ती झाक तपकिरी होते, मग जांभळट, मग निळसर, आणि अखेरीस काळी. ज्याला आपण एका रात्रीत आलेला काळेपणा समजतो तो असा पायरीपायरीने, आणि आपल्या डोळ्यांदेखत, आलेला असतो.

हा गंधक घरात येतो कोठून, याचा तपास केला तर कैफियत मोठी मजेदार निघते. आपल्या फोडणीतले दोन मानकरी, हिंग आणि मोहरी, दोघांचाही उग्रपणा गंधकाच्या संयुगांचा. कांदा आणि लसूण त्याच गोत्रातले. आणि ज्या घरी अंडे चालते त्या घरी रुप्याचा चमचा अंड्यात बुडवला की दोष कोणाचा हे विचारावे लागत नाही. देवघर स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात असण्याची आपली जुनी चाल भाविकतेच्या दृष्टीने कितीही योग्य असो, देवघरातल्या रुप्याच्या दृष्टीने ती फारशी सुखाची नव्हती. मुंबईकरांच्या नशिबी तर याखेरीज ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलाचा वास, वर्षाचे चार महिने भिंतींना पाझर फोडणारा पाऊस आणि एके काळी गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा दगडी कोळशाचा धूर एवढा ऐवज होता. देशावरच्या कोरड्या गावातून लग्न होऊन गिरगावात आलेल्या मुलीला आपले रुपे माहेरी असताना उजळ होते आणि येथे येताच काळवंडू लागले, असे वाटले तर त्यात सासरचा काही कसूर नसे. तो हवेचा गुण होता.

पण गंधकाने केलेल्या नुकसानीपेक्षा ते निस्तरण्यासाठी आपण केलेले नुकसान अधिक असते, आणि ते जर कोठे उघड दिसत असेल तर देवघरातल्या टाकांवर. टाक म्हणजे बोटभर उंचीचा पातळ पत्रा. त्यावर ठशाने मूर्ती उठवलेली असते आणि मागून आधार दिलेला असतो. आमच्या घरच्या टाकांत एक खंडोबाचा: घोड्यावर स्वार झालेला देव, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायांशी कुत्रा. शेजारी भवानी, आणि तिच्याही शेजारी कुळातला कोणी पूर्वज, ज्याचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते पण ज्याला फूल मात्र न चुकता मिळे. चंपाषष्ठीच्या आधी आजी हे सारे देव ताम्हनात घेऊन बसे आणि चिंच व रांगोळी लावून अशा जोराने घाशी की तिच्या बांगड्यांचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई. त्या टाकांवर बोट फिरवले तर घोड्याचा पुठ्ठा आणि मान लागे. स्वाराच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा, म्हाळसेच्या जागी दुसरा लहान उंचवटा, आणि कुत्रा केवळ ऐकीव. भवानीचे आठ हात होते की चार, हे सांगावयास पुरावा उरला नव्हता. एकदा हे टाक घेऊन आजी आळीतल्या म्हाताऱ्या सोनाराकडे गेली तेव्हा त्याने ते तळहातावर घेतले, उजेडाकडे तिरपे धरले आणि म्हणाला, “आजी, देव फार घासलेत तुम्ही. घोडा आहे अजून, पण स्वार गेला.”

“अरे, मग काय काळे देव पुजायचे?”

“काळे नका पुजू हो. पण ही झीज गेली कुठे, ठाऊक आहे? तुमच्या मोरीतून गटारात. आमच्या दुकानातली धूळसुद्धा आम्ही झारेकऱ्याला विकतो. तुम्ही देव मोरीत सोडता.”

आजीने त्याच्याशी वाद घातला नाही. नवे टाक करावयास सांगताना तिने एवढीच अट घातली की जुन्या टाकांची चांदी नव्यातच पडली पाहिजे. आणि कमी भरली तेवढी चांदी तिने स्वतःच्या तोरड्या मोडीत काढून भरून दिली.

त्या सोनाराचे बोलणे रसायनशास्त्राच्या पुस्तकातूनही तसेच्या तसे निघते. सिल्व्हर सल्फाइडच्या शंभर भागांत सत्त्याऐंशी भाग चांदी आणि उरलेले तेरा भाग गंधक असतो. म्हणजे फडक्यावर जी काळी पूड निघते, जी पाहून घासणाराला मळ निघाल्याचे समाधान वाटते, ती बव्हंशी चांदीच असते. त्या पुडीबरोबर जी निखळ चांदी खरवडून जाते तिचा हिशेब निराळाच. रुपे हा मऊ धातू आहे; कठिणतेच्या मोसने लावलेल्या श्रेणीत त्याचे स्थान अडीच ते तीन यांच्या दरम्यान आहे, तर गारगोटीचे सातावर. ज्या रांगोळीत किंवा राखेत गारेचा एखादा कण असेल ती रुप्यावर घासणे म्हणजे त्यावर कानस चालवणे होय. चमक येते ती खरी, पण ती नव्या पृष्ठभागाची चमक असते, जुना पृष्ठभाग गेलेला असतो. फर्दीतला आकडा आणि पारड्यातला आकडा यांच्यामधली तफावत ही अशी, दर सणाला थोडथोडी, घरच्याच माणसांनी आणि अत्यंत सद्भावनेने केलेली असते.

वजनाची घट सराफ भरून मागू शकतो. अक्षरांची घट कोणाला मागावी? भांड्यांवर नाव घालण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे तिला रसिक मंडळी नाके मुरडतात, पण घराण्याचा इतिहास पुष्कळदा या खोदलेल्या ओळींखेरीज दुसरीकडे कोठे लिहिलेला नसतो. एका नातलगांच्या घरी मी एक फुलपात्र पाहिले होते. त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी खोदलेली ओळ होती: चि. सौ. कां. अमुक हीस लग्नप्रीत्यर्थ मामांकडून, आणि पुढे शक. ती वाचता येत होती याचे कारण असे की टिंबांच्या खळग्यांत काळेपणा साचलेला होता. उजळ पाठीवर काळी अक्षरे स्वच्छ उठली होती. पुढे घरात एक कार्य निघाले तेव्हा सगळे रुपे एका पॉलिशवाल्याकडे गेले आणि त्याच्या फिरत्या चाकावरून आरशासारखे लखलखीत होऊन परत आले. फुलपात्र तिरपे धरून, उजेड बदलून पाहिले तेव्हा ओळीतली तीन-चार टिंबे कशीबशी लागली. मामांचा आहेर राहिला, मामा गेले.

काळेपणाविषयी आपली चिडच आपल्याला आंधळे करते. कसबी कारागीर त्याला शत्रू मानीत नाही. नक्षीच्या खोलगट भागात तो मुद्दाम राहू देतो, नव्हे, गंधकाची संयुगे लावून मुद्दाम आणतो, कारण उंचवट्यावर प्रकाश आणि खळग्यात सावली असेल तरच पान पानासारखे आणि मोर मोरासारखा दिसतो. ज्या काळवंडलेल्या दागिन्यांना आपल्या आज्यांनी चिंच लावली असती तेच आज ‘ऑक्सिडाइज्ड’ या नावाने दुकानांच्या काचेआड मिरवतात, आणि हे नावही चुकीचे, कारण त्या काळेपणात प्राणवायूचा नव्हे तर गंधकाचा हात असतो. लक्ष्मीपूजनाला मांडावयाच्या राणीछाप रुपयांचेही तेच. नाण्यांचे जाणकार संग्राहक वर्षानुवर्षे जमलेली झाक असलेल्या रुपयाला जी किंमत देतात ती घासून पांढऱ्या केलेल्या रुपयाला देत नाहीत. घासणाराला आपण त्याची शोभा वाढवली असे वाटते, आणि बाजारात तो रुपया उतरलेला असतो.

तर मग करावे काय? काळे पडू द्यावे आणि स्वस्थ बसावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. रुप्याची खरी राखण घासण्याच्या आधी होते. वापरलेले भांडे त्याच दिवशी कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुऊन, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने लगेच कोरडे करावे. पाण्याचा थेंब वाळू देऊ नये. मीठ आणि लोणचे रुप्याच्या वाटीत ठेवू नये, कारण मिठातला क्लोरिन रुप्याला नुसता काळा करीत नाही, तो त्याला खळगे पाडतो. इंग्रजांनी आपल्या रुप्याच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा दिला तो मिजाशीसाठी नव्हे. हलक्या टंचाच्या चांदीत तांबे अधिक, म्हणून तिच्यावर हिरवट जंगालही चढतो. तिला अधिक जपावे. मुलाम्याच्या भांड्यांवर तर रुप्याचा थर मुळातच नाममात्र, तो घासून गेला की खालचे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर डोके वर काढते.

ठेवण्याच्या बाबतीत आपले पूर्वज निम्मे बरोबर आणि निम्मे चूक होते. मलमलीत गुंडाळणे बरोबर. शालीत गुंडाळणे चूक, कारण लोकरीतच गंधक असतो. वर्तमानपत्राचा कागद नको. रबराचा पट्टा तर मुळीच नको, कारण रबर गंधक घालूनच पक्के केलेले असते आणि त्याची काळी रेघ रुप्यावर अशी उमटते की कापडाच्या दोन घड्यांमधूनही ती आत पोहोचते. घट्ट झाकणाचा डबा, दमटपणा शोषणारी सिलिका जेलची पुडी आणि हवेतला गंधक ओढून घेणारा सक्रिय कोळसा, एवढा बंदोबस्त केला तर रुपे वर्षभरही तक्रार करीत नाही. संग्रहालयांतून या गोष्टींची ताकीद कडक असते. तेथे रुप्याला उघड्या हाताने शिवतसुद्धा नाहीत, कारण बोटांच्या घामातले क्षार आणि स्निग्धांश रुप्यावर बसतात आणि पुढे ठसा तेवढा काळा उमटतो, तर काही जिनसांवर नायट्रोसेल्यूलोजच्या वार्निशाचा, पाहिजे तेव्हा काढता येईल असा, पारदर्शक लेप चढवून ठेवतात.

आणि इतके करूनही काळेपणा आलाच, तर तो खरवडण्यापेक्षा परतवण्याची एक युक्ती आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घालून त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा आणि रुपे त्या पातेल्याच्या तळाला टेकेल असे बुडवावे. ॲल्युमिनियमची गंधकाविषयीची ओढ रुप्याहून अधिक. विजेचा एक सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो, कुजक्या अंड्याचा तो वास वर येतो, गंधक रुप्याला सोडून जातो आणि त्या सत्त्याऐंशी भागांतली पुष्कळशी चांदी जिथल्या तिथे राहते. तथापि यालाही मर्यादा आहेत. नक्षीतला मुद्दाम राखलेला काळेपणा या स्नानात धुऊन जातो, पृष्ठभाग थोडा निस्तेज होतो, आणि ज्यांच्या आत लाख भरलेली आहे किंवा ज्यांवर खडे बसवलेले आहेत असे जिन्नस कढत पाण्यात घालणे म्हणजे सोनाराला काम देणे होय. टाकांना तर हा उपचार बिलकूल नको. त्यांना मऊ कापूस, थोडे पाणी आणि हलका हात पुरे. आणि अगदी घासावयाचेच झाले तर वस्त्रगाळ केलेली खडूची पूड ओली करून, बोटाने, उंचवटे वगळून.

इतका सगळा तपशील मांडून झाल्यावर माझ्या ध्यानात येते की रुप्याचा सर्वांत सोपा उपाय या कोणत्याही यादीत बसत नाही, तो म्हणजे ते वापरणे. ज्या वाटीतून लहान मूल रोज दूधभात खाते आणि जी रोज धुऊन पुसली जाते तिच्यावर तो पापुद्रा पिवळ्या झाकेच्या पुढे जातच नाही; तिच्या पाठीवर बारीक बारीक ओरखड्यांचे इतके दाट जाळे विणले जाते की त्यातून जी मंद, खोल तकाकी येते ती कोणत्याही पॉलिशवाल्याच्या चाकाला साधत नाही. उलट बँकेच्या पेटीत सुरक्षित ठेवलेले रुपे वर्षानुवर्षे काळे होत राहते, मग एखाद्या कार्याला ते बाहेर येते, एका दुपारी त्याच्यावर दहा वर्षांचे घासकाम होते आणि पुन्हा ते अंधारात जाते. वापरातल्या रुप्याचीही झीज होते, हे खरेच; पण ती कोणाच्या तरी ओठांना, बोटांना, तान्ह्याच्या पायांना लागून होते.

म्हणूनच आजीच्या त्या झिजलेल्या टाकांविषयी माझे मत सोनाराइतके कठोर होत नाही. तिने देव मोरीत सोडले हे अक्षरशः खरे आहे आणि त्याऐवजी कापूस वापरला असता तर स्वार आजही घोड्यावर असता, हेही खरे. पण ते टाक कपाटात बसून गुळगुळीत झाले नव्हते, हाताळून झाले होते, आणि त्यांची तूट तिने आपल्या पायातले काढून भरली होती. रुप्याच्या नशिबातली झीज टळत नाही. ती कोणत्या कारणी लागावी, एवढाच निर्णय धन्याच्या हाती असतो, आणि त्या दृष्टीने पाहता फर्दीत वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावयास हवा होता: हा जिन्नस शेवटचा कोणी, कशासाठी वापरला. ज्या जिनसापुढे तो रकाना बरीच वर्षे कोरा राहिला असेल तो घासावयास न काढता सरळ जेवणाच्या पानावर मांडावा. काळा असला तरी हरकत नाही.